नावात पाणी जास्त

माणसाचं नाव चुकलं की पुढचं सगळंच चुकतं, यावर आमच्या वरच्या मजल्यावरच्या चिनी आजोबांइतका ठाम विश्वास पृथ्वीच्या पाठीवर दुसऱ्या कुणाचा नसेल. स्टुटगार्टच्या एका चढावर आमची बिल्डिंग. आजोबा आयुष्यभर गिअरबॉक्स जुळवून निवृत्त झालेले, बायको कधीच गेलेली, मुलगी कॅनडात. घरात बोलायला माणूस नाही, म्हणून ते जिन्यातच माणसं गाठतात. जिना झाडायची पाळी कुणाचीही असो, आजोबा आपला झाडू घेऊन हजर, आणि झाडता झाडता तुमच्या नावाचा अर्थ विचारणार. पोस्टमनसुद्धा सुटला नाही. माझ्या बायकोचं नाव सरिता. अर्थ ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "आल्झो, म्हणजे नदी! नावात एवढं पाणी? हिला माती हवी," असं जर्मनमध्ये म्हणत त्यांनी एका पाकिटाच्या पाठीवर मातीचं चिनी अक्षर काढून दिलं. ते आमच्या फ्रिजवर आहे. तेव्हापासून सरिता चिडली की मी लांबूनच "माती, माती" म्हणतो आणि त्या दिवशी स्वतःची खिचडी स्वतः टाकतो.

गेल्या हिवाळ्यात कळलं, आजोबांच्या मुलीला मुलगी होणार. नाव बाबांनीच निवडायचं, असं मुलीनं फोनवर सांगितलं. मग काय विचारता! आजोबा जाडजूड शब्दकोश काखेत मारून हिंडू लागले. कमळ नको, गल्लीगल्लीत आहेत. बर्फ नको, टिकत नाही. चंद्र सुंदर, पण फार एकटा. शेवटी एकदा चहा पिताना मी म्हटलं, "एवढं डोकं कशाला शिणवता? आमच्याकडे आजीचं नाव नातीला ठेवतात." त्यांनी कप खाली ठेवला. "थोरांचं अक्षर पोरीला? आणि मग तिच्यावर ओरडायचं कसं?" मी सांगितलं, मला माझ्या आजोबांचं नाव ठेवलं, आणि आजी नवऱ्याचं नाव घ्यायची नाही, म्हणून ती मला जन्मभर 'अहो बाळ' म्हणत आली. "गेनाऊ! अगदी बरोबर!" आजोबांनी मांडीवर थाप मारली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग हळूच म्हणाले, "माझ्या बायकोचं अक्षर आन. वर छप्पर, खाली बाई. अर्थ सुखरूप. याहून चांगलं अक्षर मला सापडत नाही, आणि आमच्यात नेमकं तेच चालत नाही."

बाळ लवकर आलं आणि मुलगी बाबांच्या नावासाठी थांबली नाही. आजोबा फोन हातात घेऊन खाली आमच्या दारात आले. "तिनं आन ठेवलं. आईचं अक्षर!"

सरितानं त्यांच्या हातावर साखर ठेवली. "आजोबा, रागावलात?"

"जा, फार रागावलोय," ते म्हणाले. "नातीला हाक मारायची म्हटलं की तोंडच उघडत नाही."

पुढच्या रविवारी दुपारी बिल्डिंग नेहमीसारखी गप्प होती. वर त्यांचा मुलीशी व्हिडिओ कॉल चालला असावा. आधी नुसतं खाकरणं ऐकू आलं, मग अगदी दबक्या आवाजात "आन", मग जरा मोठ्यानं. सरितानं कुकरखालचा गॅस बंद केला. त्या घरात ते नाव किती वर्षांनी घेतलं जात होतं, देव जाणे. पलीकडून उत्तर येत नव्हतं. बाळ ते केवढं! तरी आजोबा हाका मारत राहिले.