पिकअपमध्ये अडकलेली सीडी

माझ्यावर सगळ्यांत मोठं ऋण आहे ते माझ्या थोरल्या चुलतभावाचं. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावातून तो पिकअप चालवायचा आणि शर्यतीच्या दिवशी बैलगाड्यांचं समालोचन करायचा. आमच्याकडे शर्यत बैलांची असते तितकीच माईकवाल्याची असते. गाड्या सुटल्यापासून शेवटचं निशाण पडेपर्यंत काही क्षणच मिळतात. तेवढ्यात जोडी कुठली, मालक कोण, पुढं कोण, मागं कोण, हे सगळं तालात सांगावं लागतं. श्वास चुकला की एखादं नाव राहतं, आणि नाव राहिलं की तो मालक वर्षभर रामराम घालत नाही.

दादा भाजी घेऊन पाचगणीला जायचा. एकदा शाळा सुटून घरी निघालेल्या बोर्डिंगच्या एका मुलाचं सामान त्यानं साताऱ्यापर्यंत आणलं. उतरताना त्या मुलानं त्याला एक सीडी दिली. अमेरिकेतल्या एका तरुण रॅपरचा तो पहिलाच अल्बम होता. जगभरात त्याला किती मान आहे हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. त्या दिवशी एवढंच कळलं की दादानं सीडी टेपमध्ये सरकवली आणि ती परत बाहेर आलीच नाही. चिमटा घालून झाला, स्क्रूड्रायव्हर लावून झाला. मेकॅनिक म्हणाला, टेप बदला. दादा म्हणाला, वाजतोय की, कशाला बदलायचा?

मी तेव्हा साताऱ्याला कॉलेजात होतो आणि रोज सकाळी दादाबरोबर पिकअपमधून जायचो. त्यामुळं आमच्या नशिबी रोज तेच. वाटेत कुणी हात केला की दादा गाडी थांबवायचा. एकदा गावातले एक म्हातारे बसले. दोन गाणी त्यांनी मान खाली घालून ऐकली.

"काय रं, कुठल्या बुवाचं कीर्तन हाय ह्ये?"

"इंग्लिश बुवा हाय, आबा."

"लय घाईत हाय गड्या. त्याची एसटी चुकायची हाय व्हय?"

दादाला मात्र ती घाई वाटली नाही. तो स्टिअरिंगवर बोटानं ताल धरायचा आणि मला विचारायचा, "काय म्हणतोय रं ह्यो? तुझा इषय हाय न्हवं इंग्लिश?"

विषय माझा होता, पण मला एक ओळ कळत नव्हती. आमच्या शाळेत इंग्रजी मराठीतून शिकवलं होतं. मग मी ऐकलेले शब्द जसे कानावर आले तसे देवनागरीत लिहून घ्यायला लागलो आणि कॉलेजच्या वाचनालयात कोश उघडून बसू लागलो. निम्मे शब्द कोशात नसायचे. काही होते, त्यांचे अर्थ दादाला सांगण्यासारखे नव्हते. पण हळूहळू माणूस दिसायला लागला. तो स्वतःच्या गल्लीबद्दल बोलत होता, कोपऱ्यावरच्या दुकानाबद्दल, आईच्या काळजीबद्दल, तुरुंगात गेलेल्या मित्राबद्दल. मी दादाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग आपलंच हाय की." त्या ऐकण्यातूनच मी इंग्रजीत पास झालो, पुढं बी.ए. केलं, एम.ए. केलं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. आज सांगलीच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवतो.

दादानं शब्दांच्या वाटेला न जाता दुसरंच काही उचललं. तेव्हाचे समालोचक सुरुवातीपासून शेवटपर्यंत ओरडायचे. दादा गाड्या सुटल्या की त्या रॅपरसारखं, जवळ बसून सांगितल्यागत बोलायचा, ताल धरायचा आणि निशाणाच्या आधी एक थांबा घ्यायचा. त्या थांब्यात सगळं मैदान गप्प व्हायचं. मग तो जिंकणाऱ्या जोडीचं नाव टाकायचा. आता आमच्या भागातली कितीतरी तरुण पोरं तसाच थांबा घेतात. तो कुठून आला हे त्यांना माहीत नाही. मधल्या काळात कोर्टाच्या बंदीनं शर्यती थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या. पिकअप विकली, तेव्हा सीडी आतच गेली.

पुन्हा सुरू झालेल्या शर्यती मोठ्या होत्या. गर्दी दुप्पट, मैदानाच्या कडेला डीजे. त्याच्यावर आवाज चढवता चढवता दादा कधी ओरडायला लागला, त्यालाही कळलं नाही. गेल्या वर्षी घसा बसला तो उठेचना. मिरजेला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, स्वरतंतूवर गाठ आहे, काढून तपासायला पाठवू. गाठ हा शब्द ऐकल्यावर घरात कुणी कुणाकडं बघेना.

गाठ काढली. रिपोर्ट यायचा होता. तोवर एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंही नाही, अशी ताकीद मिळाली. पण आमच्याकडं माणूस दवाखान्यातून घरी आला की अख्खं गाव भेटायला येतं. आलेल्या प्रत्येकानं "कसं हाय?" विचारायचं आणि आजाऱ्यानं सविस्तर सांगायचं, ही रीत आहे. दादा दारातल्या कॉटवर बसलेला, तोंड मिटून.

"बोलत का न्हाई ह्यो? आमच्यावर रुसला काय?" आत्या म्हणाल्या.

"आवं आत्या, डॉक्टरनं त्यांचं तोंड बंद केलंय," वहिनी म्हणाली.

"मग झाक झालं. तुला तेवढाच आराम."

सगळे हसले. दादाही हसला, नुसत्या खांद्यांनी. मग त्यानं एक युक्ती काढली. शेजारच्या स्टीलच्या डब्यावर एक टिचकी म्हणजे होय, दोन म्हणजे नाही. संध्याकाळी शर्यत भरवणारे एक जण आले. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर दबकत म्हणाले, "आवं, मग येत्या मैदानाचा माईक दुसऱ्या कुणाला देऊ का?"

दादानं त्यांच्याकडं पाहिलं. मग डब्यावर दोन टिचक्या मारल्या, इतक्या जोरात की झाकण पडलं.

रिपोर्ट घ्यायला मी एकटाच गेलो. डॉक्टरांनी कागद वाचला आणि म्हणाले, "साधी गाठ आहे. घाबरण्यासारखं काही नाही." मी दोनदा विचारलं. त्यांनी दोन्ही वेळा शांतपणे तेच सांगितलं. दवाखान्याबाहेरच्या गाड्यावर मी चहा घेतला. त्यात साखर होती की नव्हती, मला सांगता येणार नाही.

तरी आवाज परत येतो का, हे उरलंच होतं. मौन संपल्यावर आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे गेलो. बाई म्हणाल्या, हळू बोलून दाखवा. दादाला हळू म्हणजे काय हेच आठवेना. मी मोबाइलवर तो अल्बम लावला. दादानं डोळे मिटले आणि रॅपर जिथं जिथं श्वास घेत होता तिथं आधीच बोट वर करायला लागला. एकही जागा चुकली नाही.

बाई थक्क झाल्या. "हा तर कुठंच ओरडत नाही. मग तुम्ही का ओरडता? आवाज मोठा करायचं काम भोंग्याचं आहे, तुमचं नाही."

त्यानंतर तो घरी त्याच गाण्यांवर श्वासाचा सराव करायला लागला. एका दुपारी मी स्टाफरूममध्ये असताना फोन वाजला.

"हॅलो, हॅलो. ऐकू येतंय का रं?"

माईक तपासताना म्हणतो तसंच. मला ऐकू येत होतं, पण माझ्याच तोंडून शब्द फुटेना. तो तीनदा हॅलो म्हणाला आणि फोन कट झाला. मग मी त्याला पत्र लिहिलं. ते असं:

दादा,

नमस्कार करतो. काल फोनवर गप्प राहिलो, राग मानू नकोस. लाइन चांगली होती, मीच बोलू शकलो नाही. आवाज थोडा खरखरीत झालाय, थोडा बारीक, पण तुझाच आहे. फोन कट झाला आणि मी व्हरांड्यात जाऊन कठडा धरून उभा राहिलो. एवढे महिने छातीवर किती ओझं होतं, ते उतरल्यावर कळलं.

तुझ्यामुळं मला शिकायला मिळालं, हे मी वर्गात मुलांना सांगतो. तुला कधी सांगितलं नव्हतं. न कळणारं ऐकत राहण्याची लाज वाटून घ्यायची नाही, हे मी तुझ्या शेजारच्या सीटवर शिकलो.

शर्यतवाल्यांशी बोललो. माईक तुझाच आहे. पण सुरुवातीच्या गटांच्या फेऱ्या तुझ्या हाताखालचा पोरगा बोलेल, तू फक्त फायनल बोलायची. त्यांनी कबूल केलंय, आणि डीजे लांब लावणार आहेत. तू हट्ट करू नकोस.

शर्यतीच्या दिवशी मी पहाटेच्या एसटीनं निघतो. कोमट पाण्याची बाटली घेऊन तुझ्या मागं उभा राहीन. आवाज चढायला लागला तर पाठीवर हात ठेवीन, तेव्हा आवाज खाली आण. नाहीतर मी काही करणार नाही, नुसता ऐकत राहीन.

तुझा धाकटा