आधी मीटर, मग धूर

चाळीस वर्षं अमेरिकेत काढूनही या देशातल्या एकाही प्लगवर ज्याचा विश्वास बसला नाही असा एकच माणूस मला ठाऊक आहे, आणि माझं नशीब असं की तो माझ्या सासरचा आहे. नवऱ्याचे हे थोरले मावसभाऊ. मी त्यांना भाऊजी म्हणते. जन्मभर इलेक्ट्रिकल इंजिनिअर, आता रिटायर होऊन अटलांटाजवळच्या अल्फारेटात आमच्यापासून दोन सिग्नल पलीकडे एकटे राहतात, आणि गावातल्या समस्त मराठी घरांच्या वायरिंगची जबाबदारी कुणी न मागता डोक्यावर घेऊन बसलेत. लोक येताना मिठाई आणतात, हे मल्टिमीटर आणतात. चहाला हो म्हणायच्या आधी सोफ्यामागे वाकून बघतात. एकदा एकादशीला मी साबुदाणा वडे एअर फ्रायरमध्ये लावले होते आणि शेजारी विजेचा कुकर, दोन्ही एकाच एक्स्टेंशनवर. वडे अर्धे कच्चे असताना यांनी वायर उपटली. मी म्हटलं, भाऊजी, सकाळपासून उपाशी आहेत हो सगळे. तर म्हणे, "घर पेटल्यावर वडे कुठे वाढणार आहेस, शुभदा?" गणपतीत तर कहर केला. आरती ऐन रंगात आणि मखराचे दिवे बंद. का, तर अडॅप्टर हाताला गरम लागला. उरलेली आरती आम्ही फोनच्या टॉर्चवर म्हटली, आणि सगळ्यांत मोठा आवाज यांचाच होता.

हे सगळं मी सोसलं असतं. पण समीरच्या बाबतीत त्यांनी जे केलं त्यानं माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. समीर म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, इथेच जन्मलेला, तिशीतला. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत. त्याची आई, म्हणजे आमच्या जाऊबाई, गेल्या तेव्हा तेराव्याच्या दिवशी तो मागच्या डेकवर सिगरेट ओढताना सापडला आणि भाऊजींनी भरल्या घरात, भटजींच्या देखत, त्याला नको नको ते ऐकवलं. त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं बंद. वाढदिवसाला एक मेसेज यायचा, दिवाळीला एक. राहायचा कुठे, तर अर्ध्या तासावर. शेवटी मीच एका रविवारी डबा द्यायच्या निमित्तानं भाऊजींना गाडीत घातलं आणि त्याच्या दारात नेऊन उभं केलं.

त्यानं दार उघडलं, आत घेतलं, आणि बघते तर टेबलावर बारीक तारेची गुंडाळी, कापूस, पक्कड आणि बोटभर लांबीचं एक नळकांडं. सिगरेट सोडून आता व्हेप, म्हणजे बॅटरीवरची सिगरेट, ओढत होता, आणि त्यातली तापणारी कॉइल विकत न आणता घरी वळायला नुकताच शिकत होता. मी मनात म्हटलं, झालं, आता महाभारत. भाऊजींनी चष्मा लावला, ती कॉइल नखावर घेतली आणि विचारलं, "रेझिस्टन्स किती?"

समीर म्हणाला, "आय डोन्ट नो, डॅड. द गाय इन द व्हिडिओ सेड सिक्स रॅप्स."

"सहा वेढे." भाऊजींनी कॉइल टेबलावर ठेवली. "वेढे मोजून वीज कळते का? तार कसली, जाडी किती, बॅटरी किती अँपिअर झेपवेल, कशाचा पत्ता नाही, आणि हे तू तोंडाला लावतोस? आणि ही बॅटरी बघ. वरचं प्लास्टिक सोललंय. कुठे ठेवतोस ही?"

"पॉकेटमध्ये."

"किल्ल्यांबरोबर?"

समीरनं खिशावर हात ठेवला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! मला राहवेना. म्हटलं, भाऊजी, अहो धुराबद्दल बोला, पोराच्या फुप्फुसांबद्दल बोला. तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "धुरानं माणूस वीस वर्षांनी जातो. हे शॉर्ट झालं तर आत्ता जाईल." आणि खुर्ची ओढून बसलेच.

मग दर रविवारी तेच. मी डबा घेऊन जायची आणि हे दोघं टेबलावर वाकलेले. सोललेली बॅटरी कचऱ्यात नाही, रिसायकलिंगला. नवी आणली ती प्लास्टिकच्या डबीत, खिशात सुटी कधीच नाही. कॉइल बसवली की आधी मीटर लाव, आकडा बघ, तो बॅटरीला झेपतो का याचा हिशोब कर, मगच बॅटरी आत. नवशिक्यानं फार कमी रेझिस्टन्सच्या नादी लागायचं नाही, बॅटरीतून करंट फार ओढला जातो. तारेचं टोक कडेच्या धातूला टेकता कामा नये. कापूस घालायच्या आधी कमी पॉवरवर तापवून बघ, मधून बाहेर सारखी लाल होते का. समीर वैतागून म्हणायचा, "डॅड, इट्स अ व्हेप, नॉट अ सबस्टेशन." हे म्हणायचे, "सबस्टेशन कुणी तोंडात धरत नाही."

एकदा परतताना गाडीत मी त्यांना फाडून खाल्लं. म्हटलं, तुम्ही बाप आहात की लाइनमन? लोक पोरांची व्यसनं सोडवतात, तुम्ही त्याला सामान पुरवताय. मराठी मंडळात लोक हसतात. भाऊजी बाहेर बघतच म्हणाले, "सोड म्हणून ओरडलो तेव्हा दार बंद झालं, शुभदा. आता रविवारी तो उघडतो. आज आईचा विषय त्यानं स्वतःहून काढला." मी चिडूनच गाडी चालवली, पण चिडले कुणावर होते ते मला नीट सांगता येणार नाही.

आणि मग एका रविवारी समीर म्हणाला, "आय क्विट, डॅड. टोटली." मी आनंदानं घरी येऊन शिरा केला. भाऊजी नुसते "छान, फार छान" म्हणाले आणि मीटर पिशवीत घालून आले. इतकी वर्षं ज्यासाठी जीव तुटत होता ते झालं, आणि माणसाचं तोंड बघवत नव्हतं. पुढच्या रविवारी ते आमच्याकडे आले आणि माझ्या घरातला एकूण एक प्लग काढून बसले. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. माझं फ्रीझरमधलं अख्खं पुरण गेलं.

तिसऱ्या रविवारी दारावर समीर. हातात टेबल लॅम्प. "मावशी, डॅड इज हिअर, राइट? हा लॅम्प चालत नाही." मी त्याची काकू लागते, पण इथल्या पोरांना सगळ्या बायका मावशीच. भाऊजींनी माझ्या डायनिंग टेबलावर तो उलटा केला, बूड उघडलं आणि थांबले. मी खांद्यावरून वाकून बघितलं. वायर तुटलेली नव्हती, कापलेली होती. पक्कडीनं, सरळ, स्वच्छ, जशी कापायला त्यांनीच त्याला शिकवलं होतं. समीर खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं बघत होता.

भाऊजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "फार खराब काम आहे हे," म्हणाले. "वेळ लागेल. पुढच्या रविवारी ये."

"ओके," समीर म्हणाला, आणि मी पुढे केलेली शिऱ्याची बशी घेऊन त्यांच्या शेजारी बसला.

तेव्हापासून तो लॅम्प माझ्या डायनिंग टेबलावर पोट उघडं टाकून पडलाय आणि आम्ही काउंटरवर उभ्यानं जेवतोय. तोंडाशी दहा वेळा येतं की भाऊजी, एक वायर जोडायला असा किती वेळ लागतो. मी विचारत नाही. काल टेबल पुसताना तो बाजूला करायला लागला, तर परत होता तिथेच, तसाच उघडा ठेवला.