दंडाला बांधलेले तीन मणी

आमच्या कापडे गावच्या थांब्यावर एसटी आली तेव्हा माझी स्वरा तितं नव्हती. मुद्दामच. शेजारणीनं तिला कोंबडीची पिल्लं दाखवायला परड्यात नेलेली, मी जाताना पोरीनं रडू नये म्हणून. दीड वर्षाची पोर. सासू एकटी आली सोडायला. तिनं स्वराच्या मनगटीतले तीन मणी सोडवून काळ्या दोऱ्यात ओवलेले, ते माझ्या उजव्या दंडाला बांधले, गाठ दातानं आवळली. "काडू नको गो. पोरीचं काय तरी अंगावर असूंदे." नि लगेच, "चड आता, कंडक्टर काय तुजा दीर नाय थांबायला!"

तुम्ही गावच्या पोरी फोनवर विचारता ना, तितं कंपनीत कसं असतं, म्हणून लिहिते. ज्या सुरतला गेल्या त्यांच्यासाठी, नि ज्या कापड्यातच भात लावतायत त्यांच्यासाठी पण. महाड काय लांब नाय. पोलादपूरला बस बदलली की आलंच. पण पोर ठेवून गेलं की तेवढं पण लांब असतं, ते मला ठाऊक नव्हतं.

कंपनी मोठी, साबण, शाम्पू, लोशन करणारी. कमवा आणि शिका. पाच दिवस लाईनवर काम, शनिवारी तितंच वर्ग, तीन वर्षांनी डिग्री. मी बारावी दुसऱ्या खेपेला सुटलेली, मंग लग्न, मंग स्वरा, नवरा मुंबईत कॅन्टीनला. राहायला कंपनीनं मुलींना खोली दिलेली, पण तितं लेकरू चालत नाय. पहिले तीन महिने कंपनी बघणार नि नाय जमलं तर घरी.

पहिल्या दिवशीच सांगितलं, बांगड्या नाय, मंगळसूत्र नाय, टिकली नाय, अंगावर दोरा पण नाय. काय पडलं तर मालात जातं. मंगळसूत्र काढून लॉकरात ठेवलं. पण दंडाचा दोरा नाय काढला. गेटवरच्या बाया गळा नि मनगट बघायच्या, दंड कोण बघतंय. मला वाटायचं हा काढला नि तिकडं पोरीला काय झालं तर? ताप आला तर? रोज भीती. मशीनची भीती, इंग्लिशची भीती, सगळे हसतील याची भीती, आंघोळीला दोरा भिजला तरी भीती.

आमच्या लाईनचे मुल्लासर, महाडचेच, त्यांनी एक लाल बटण दाखवलेलं. "काय पण चुकीचं दिसलं की दाबायचं, लाईन थांबते. कुणाला विचारत बसायचं नाय." मी मान हलवली, पण मनात म्हटलं, मी कुठली दाबते? आमच्या घरात टीव्ही बंद करायचा तरी मी विचारते.

दुसरा महिना संपत आलेला. लाईनवर लहान मुलांच्या अंगाला लावायचं लोशन चाललेलं. माझं काम रिकाम्या बाटल्या उघड्या तोंडानं पट्ट्यावर सरळ करायचं. कंपनीच्या कोटाची बाही मला लांब, म्हणून मी एक घडी मारलेली, ती पण मारायची नसते. हात पुढं केला नि दंड हलका लागला. बाही चाचपली. दोरा हातात आला, तुटलेला, एक मणी त्याला अडकलेला. दुसरा घडीत सापडला. तिसरा नाय.

खाली बघितलं, नाय. बाटल्या चाललेल्या, भरत व्हत्या, बुचं लागत व्हती, नि मी नुसती उभी. बटण दाबलं की सगळं कळणार. घरी जाणार, गाव म्हणणार, गेली नि आली. नाय दाबलं तर कुणाला काय कळतंय? पण मला एकदम दिसलं, कुठली तरी आई बाटली दाबतेय नि तो मणी पोरीच्या पोटावर पडतोय नि पोर उचलून तोंडात घालतेय. स्वरा सगळं तोंडात घालते.

दाबलं.

लाईन थांबली की केवढं शांत होतं ते मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. सगळ्या वळून माझ्याकडं बघतायत. मी दोरा पुढं धरला नि रडायलाच लागले. सरांनी तेवढ्यात भरलेल्या सगळ्या बाटल्या बाजूला काढायला लावल्या, एकेक चाळणीत ओतली. एका बाटलीत निघाला. काळा मणी, पांढऱ्या लोशनात.

मंग सरांनी एक कागद माझ्यापुढं ठेवला. मला वाटलं झालं, कामावरनं काढलं. त्याच्यावर पाच वेळा 'का?' छापलेलं. तितं काय पण चुकलं की असं पाच वेळा विचारतात, एकाखाली एक. मी पहिल्यातच लिहिलं, माझी चूक झाली. सर म्हणाले, "चूक झाली हे उत्तर नाय. खाली उतर."

का पडला? दोरा तुटला. का तुटला? अंगावर रोज भिजत व्हता. अंगावर का? सासूनं बांधला. मनाई असून का ठेवला? पोरीला काय होईल म्हणून. का वाटतं असं? मंग लिहिलं, मी तिला बघत नाय म्हणून.

खाली शेवटचा रकाना, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार. मी लिहिलं, दोरा बांधणार नाय. सरांनी वाचलं. "हे वरच्या 'का'चं झालं. खालच्याचं काय?"

मंग लिहिलं, पोरीला हितं आणणार. लिहिलं नि घाबरले, आता कसं आणू?

सासूला फोन केला. मणी पडला ते सांगितलं, कागदावर काय लिहिलं ते पण, वाटलं शिव्या देईल. ती म्हणाली, "पोरीच्या तोंडात जाणार व्हता तो?" मी म्हटलं कुणाच्या तरी. मंग म्हणाली, "मंग शेळी कोन बघील?" तेव्हाच मला कळलं की ती येतेय.

शेळी शेजारणीकडं दिली. कंपनीजवळ बिरवाडीत खोली घेतली, एक खिडकी, मागं गटार. कंपनीनं मला ताकीद दिली, ठेवलं मात्र. तीन महिने केव्हाच गेले. सासू म्हणते, "हितं हवेला पन औषधाचा वास." पण पोर सांभाळते, नि मी शनिवारचं वाचत बसले की टीव्ही स्वतः बारीक करते. माझा दंड मोकळा हाय. भीती हायच. गेटवर अजून रिकामा दंड चाचपते.

महिन्यातून एकदा कापड्याला जातो. सासू कुलूप काढते, अंगण झाडते, चूल पेटवते. मागच्या खेपेला चहा उकळत व्हता नि स्वरा उंबऱ्यात उभी राहून माझा पदर ओढायला लागली, "घरी चल. घरी."

पोरीला घर म्हणजे बिरवाडीची खोली. मी सासूकडं बघायला घाबरले. चाळीस वर्षं ती त्या घरात राबली. तिनं चहा गाळला, कप माझ्याकडं सरकवला, पोरीला कडेवर घेतलं.

"चल गो बाय," ती म्हणाली, "कुलूप लावूया. तुज्या आयशीची बस चुकंल."