भिकुबाईनं गायरान पांढरं केलं

नवरा गेल्यापासून गावाच्या बकऱ्या भिकुबाईच चारायची. सकाळी दारोदार "सोडा व माय" करत फिरायचं, कळप गोळा करायचा आणि नाल्यापलीकडच्या गायरानात घालायचा. बकरीमागे महिन्याला थोडे पैसे, आखाजीच्या सणाला घरोघरची खापरावरची पोळी. गायरान होतं म्हणून बकऱ्या, आणि बकऱ्या होत्या म्हणून तिची चूल.

गेल्या पावसाळ्यात तालुक्याहून सुलक्षणा मॅडम आल्या. गावचा आराखडा गावानंच करायचा, कुठली जमीन कशाला ठेवायची ते गावानंच सांगायचं, म्हणाल्या. मारुतीच्या पारापुढं रांगोळीनं गावचा नकाशा काढायचं ठरलं.

आदल्या संध्याकाळी लोटन तिच्या ओट्यावर येऊन बसला. गायरानाची कड नांगरून त्यानं कपाशी लावली होती. त्यानं एकट्यानं नाही, निम्म्या गावानं.

"आक्का, त्या बाईनी इचारं तं सांगजो, गायरानमा कोनी जात नही. बठ्ठं पडीत शे."

"आन मन्या बकऱ्या काय आभायमा चरतस?"

"तुन्या बकऱ्या देखाले ती उनी, तं मनी कपाशी बी देखी. सरकारले जितलं कमी सांगो तितलं बरं."

हे तिला पटायला वेळ लागला नाही. कोतवाल वसुलीला दारात आला की तिचा सासरा स्वतःची गाभण म्हैस शेजाऱ्याची म्हणून सांगायचा. त्याच घरात ती नांदलेली.

सकाळी मॅडमनी तिला पुरुषांच्या रांगेत खुर्ची दिली. पुढ्यात रांगोळीच्या दोन वाट्या: वापरातल्या जमिनीला हिरवी, रिकामीला पांढरी. "मावशी, गायरान तुम्ही भरा. तुमच्याइतकं कोणाला माहीत?" लोटन खाकरला. भिकुबाईनं पांढऱ्या वाटीत हात घातला.

"कोनी जात नही, माय, तठे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. जन्मात पहिल्यांदा तिच्यासाठी वाजल्या.

दिवाळीनंतर कळलं, की रिकामं गायरान सौर विजेच्या प्लेटांना गेलं. गावाला सांगायला मॅडमनी सभा भरवली. निम्मं गाव आपापल्या चपला बघत बसलं. भिकुबाई उठली.

"मी खोटं बोलनू. मन्या बकऱ्या रोज तठेच चरतस. आन लोटननी कपाशी शे तठे, अठे बसेल निम्मा लोकेसनी बी शे."

"मग तेव्हा का नाही सांगितलं, मावशी?"

"गावनी सांगं म्हनीसन."

आराखडा वर जाऊन मंजूर झाला होता, प्लेटा काही थांबणार नव्हत्या. पण अतिक्रमण चारचौघांत बोललं गेलं, ते काही मॅडमना ऐकलं नाही असं करता येईना. आठवडाभरात, वेचणीआधीच, कपाशीच्या फुटलेल्या बोंडांवरून जेसीबी फिरला.

गावाचा राग प्लेटांवर निघाला नाही. प्लेटांना तोंड नसतं, भिकुबाईला होतं. दुसऱ्या दिवशी ती "सोडा व माय" करत निघाली, तर एकही दार उघडेना. प्रमिलाबाईच्या बकरीची नुकती जन्मलेली करडं भिकुबाईनंच आपल्या पदरात पुसून घेतली होती. प्रमिलाबाई तेवढी खिडकीतून बोलली, "आमनी बांधी लिधी, आक्का. आते चराले तरी कोठे शे?"

समोरच्या ओट्यावरून लोटन म्हणाला, "आक्का, आते मॅडमन्या बकऱ्या चार."

ओटाभर माणसं हसली. लोटनची घरची बागायत होती, एका हंगामाच्या कपाशीनं त्याचं काही अडलं नाही. पोरगाही त्याचा प्लेटांवर राखणदार म्हणून लागला.

भिकुबाईकडं आता घरच्या दोन बकऱ्या आहेत. दोरीला धरून ती त्यांना हायवेच्या कडेनं फिरवते, ट्रकांच्या धुळीनं माखलेलं गवत चारते. गायरानाला तारेची जाळी झाली. आत प्लेटांखाली पावसात गवत कमरेएवढं वाढतं, राखणदार त्यावर तणनाशक मारतात. त्या दिवसांत ती जाळीच्या जवळूनही जात नाही. एखादी काडी बाहेर आलेली असली आणि बकरीनं तोंड घातलं, तर बकरी जगायची नाही.