तळाच्या संघाचं गाऱ्हाणं

आमच्या कंपनीच्या एचआर साहेबांच्या केबिनमध्ये एक जुना फोटो फ्रेम करून टांगलेला आहे. जाड मिशांचे, गुडघ्यापर्यंतच्या चड्ड्या घातलेले गोरे लोक दोन रांगांत बसलेत आणि मधल्याच्या पायाशी दोरीने आवळलेला चामड्याचा फुटबॉल आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा हा कुठलासा इंग्लिश क्लब. साहेबांचा जन्म पुण्याचा, वाढले दुबईतल्या बर दुबई भागात, इंग्लंडला गेले ते फिरायला, पण त्या क्लबबद्दल बोलताना ‘आम्ही’ म्हणतात. ‘आम्ही त्या सीझनला तळाला होतो,’ असं. माझ्या ते पहिल्यापासून डोक्यात जायचं.

त्या सीझनची गोष्ट ते दरवर्षी सांगतात. त्या काळी लीगमध्ये तळाला आलेल्या दोन-तीन क्लबांना पुढच्या वर्षी आपोआप खेळता येत नसे. हंगाम संपला की लंडनच्या सभेत जायचं आणि आम्हाला ठेवा म्हणून बाकीच्या क्लबांना विनंती करायची. बाहेरचे नवे क्लबही तिथे जागा मागायला आलेले असायचे. मग मतं पडायची. साहेबांचा क्लब अख्खा हिवाळा चिखलात मार खाऊन शेवटचा आला, त्यांचा अध्यक्ष चांगला सूट घालून सभेत उभा राहिला, नम्रपणे बोलला, आणि क्लब राहिला. “ह्युमिलिटी! दॅट इज फुटबॉल,” असं म्हणून साहेब गोष्ट संपवतात.

गोष्टीपुरतं ठेवलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या आमच्या इंटिरियरच्या कंपनीची एक रविवारची फुटबॉल लीग आहे, आणि तिचे सेक्रेटरी साहेबच. त्यांनी तो शंभर वर्षांपूर्वीचा नियम जसाच्या तसा आमच्या लीगमध्ये आणून बसवला. आमच्यात संघ थोडे, म्हणून फक्त शेवटच्या संघाने सभेत उभं राहून अपील करायचं, बाकीच्या कप्तानांनी हात वर करायचे. इंग्रजांनीसुद्धा जो नियम कधीच मोडीत काढला, तो आमच्या जिप्समवाल्यांच्या आणि सुतारांच्या डोक्यावर!

या जिप्समवाल्या-सुतारांच्या संघाचा मी मॅनेजर. मी ड्राफ्ट्समन, मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण ईमेल लिहायला कुणीतरी हवं म्हणून मला धरलं. पोरं सगळी कुडाळ-मालवणकडची. मूळची क्रिकेटवाली, फुटबॉल इथे कामगारांच्या कॅम्पमध्ये मल्याळी पोरांकडून शिकली. आमचा गोलकीपर गावाकडे विकेटकीपर होता आणि चेंडू अडवला की सवयीने “हाऊज दॅट” ओरडायचा. कप्तान सीलिंगचं काम करणारा, आठवडाभर मान वर करून जिप्समचे बोर्ड ठोकणारा. रविवार सोडला तर या पोरांना साइट, बस आणि कॅम्पमधली खोली याशिवाय काही दिसत नाही. रविवारी मात्र कंपनी एका शाळेचं हिरवं टर्फ भाड्याने घेते. तिथे बूट घालून पळायचं, मरेस्तोवर ओरडायचं, गावाकडे व्हिडिओ कॉल लावून मॅच दाखवायची. कप्तानाची बायको अर्धी मॅच “दिसना नाय, दिसना नाय” म्हणत बघायची. पण टर्फवर पाऊल टाकायचं तर संघ लीगमध्ये पाहिजे.

यंदा आम्ही तळाला आलो. का आलो तेही सांगतो. लांब पूर्व किनाऱ्यावरच्या खोर फक्कानला बंदराजवळच्या एका गोडाउनचं काम निघालं आणि दर रविवारी पहाटे ओव्हरटाइमची बस आमच्याच पोरांच्या खोल्यांसमोर उभी राहू लागली. नेमका स्ट्रायकर जायचा, नेमका गोलकीपर जायचा. शेवटच्या मॅचेस आम्ही सात-आठ जणांत खेळलो. ड्युटी रोस्टरवर सही एचआर साहेबांची. हेड ऑफिसच्या सेल्सवाल्यांनी नव्याकोऱ्या जर्सी शिवून घेतल्या होत्या आणि त्यांना लीगमध्ये जागा हवी होती, हे तोवर ऑफिसच्या चहावाल्यालाही ठाऊक झालं होतं. मी साहेबांना जाऊन विचारलं, तर म्हणाले, “काम पहले, हबीबी. खेळ खेळ असतो.” तळपायाची आग मस्तकात गेली माझी. परका असता तर चार शब्द सुनावले असते, पण आपलेच दात आणि आपलेच ओठ.

सभेच्या आधी कप्तानाने मला विचारलं, “दादा, अपील म्हणजे नेमका काय करूचा?”

मी तावातच होतो. म्हटलं, “हात जोडायचे आणि आम्हाला ठेवा म्हणायचं. दुसरं काय!”

तो म्हणाला, “म्हणजे गाऱ्हाणाच.”

मला वाटलं, थट्टा करतोय. पण सभेच्या दिवशी ड्युटी संपवून पोरं ट्रेनिंग रूममध्ये आली ती अंघोळ करून, कपाळाला टिळे लावून. बर दुबईच्या गल्लीतून आणलेला नारळ कप्तानाच्या हातात होता. साहेबांनी त्यांच्या क्लबची गोष्ट पुन्हा एकदा सांगितली आणि म्हणाले, “ओके, यल्ला, अपील.” कप्तानाने नारळ टेबलावर ठेवला, साहेबांच्या लॅपटॉपशेजारी, आणि डोळे मिटले.

“बा देवा म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” मागून सगळी पोरं एका आवाजात. टेबलाभोवतीचे कप्तान दचकलेच.

“आज तुझी लेकरा गाव सोडून हय वाळवंटात इली आसत. आठवड्याचो एक दिस चेंडवाच्या मागसून धावतत. तो दिस तेंका मिळू दी म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

“जेणी कोणी मॅचीच्या दिसाक आमका खोर फक्कानाक धाडल्यान, तेची वाकडी बुद्धी सरळ कर म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

कोकणात देवापुढे गाऱ्हाणं असंच घालतात. एकाने मागायचं, बाकीच्यांनी होकार भरायचा, आणि ज्याने वाईट केलं त्यालाही देवाच्या कानावर घालायचं. टेबलाशी बसलेल्यांत हे कळणारे दोघेच होते, मी आणि साहेब. साहेबांचे कान लाल झाले. नेपाळी संघाच्या कप्तानाने विचारलं, “क्या बोला भाई?” तर साहेब घाईघाईने म्हणाले, “प्रेयर है. ब्लेसिंग दे रहे हैं सबको.”

हे मात्र मला सहन झालं नाही. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “ब्लेसिंग नहीं है. वो बोल रहा है, जिसने हमको मैच के दिन खोर फक्कान भेजा, भगवान उसकी टेढ़ी बुद्धि सीधी करे.”

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “खलास? नाऊ वोट,” एवढंच म्हणाले.

हात वर करायचे होते. नेपाळी कप्तानाचा हात अर्धा वर गेला, तिथे अडखळला आणि कान खाजवून खाली आला. बाकीच्यांचे उचललेच गेले नाहीत. सगळ्यांच्या रजेच्या अर्जावर सही याच माणसाची, प्रत्येकाला गावी जायचं असतं. त्यांच्यावर चिडण्यात अर्थ नव्हता आणि त्यामुळे मी जास्तच चिडलो. सेल्सवाल्यांसाठी मात्र पटापट हात वर झाले.

“नथिंग पर्सनल हां,” साहेब मराठीत आले. “ट्रॅडिशन आहे. आणि हा नारळ घेऊन जा प्लीज.”

कप्तान म्हणाला, “ठेवलेलो नारळ परत घेवचो नसता साहेब. देवाचो झालो तो.”

बसमध्ये मी त्याच्यावरच उखडलो. कशाला हात जोडलेस त्या माणसापुढे? तो शांतपणे म्हणाला, “तेच्यापुढे खय जोडलय? नारळापुढे जोडलय. मागलय देवाकडे, आणि तक्रार केलय ती तेची.”

घरी जाऊनही माझा राग उतरला नाही. साहेबांच्या क्लबचा तो सीझन मी इंटरनेटवर शोधून काढला. साहेबांनी सांगितलेलं सगळं खरं होतं. अध्यक्ष खरा, सूट खरा, नम्रताही खरी. पण त्याच सभेत दुसरा एक क्लब बाहेर काढला गेला होता, हे साहेबांनी एकदाही सांगितलं नव्हतं. तो क्लब गुणतक्त्यात यांच्या वर होता! पण त्याचं मैदान लहान, गाव आडवळणी, तिकडे जायला कुणी राजी नाही. यांचं मैदान मोठं आणि ओळखी मोठ्या. म्हणे ह्युमिलिटी! चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि सुटलेल्या चोराचा फोटो आमच्या एचआरच्या भिंतीवर.

पुढच्या रविवारी मी ते सांगायला कॅम्पवर गेलो. पोरं खोलीत पडून होती. धुतलेल्या जर्सी गॅलरीच्या कठड्यावर वाळत होत्या, आता कशाला धुतल्या कोण जाणे. कप्तान कॉटवर बसून बुटांच्या नाड्या ओवत होता. मी त्याला सगळं वाचून दाखवलं, तावातावाने. वरच्या नंबराचे असून कसे काढले, ते लोक कसे गिरणीत आणि खाणीत राबणारे, शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी झाली की मैदानावर कसे धावत यायचे. मला वाटलं होतं, तोही माझ्यासारखा पेटून उठेल.

त्याने नाडीची गाठ मारली आणि विचारलं, “दादा, मगे ते शनवारी खय जाईत आसतले?”

मी मोबाइलवरचं पान पुन्हा खालीवर केलं. त्यांच्याबद्दल पुढे काहीच लिहिलेलं नव्हतं.