पाट्यावर वाटलेले धागे

चुका सगळेच करतात, पण पाटा धुऊन, मांडी घालून, दुपारभर तब्येतीत एकच चूक करणारा माझ्याशिवाय कोणी असेल तर सांगा. चहा घ्या, मी सावकाश सांगतो.

अड्याळात माझी हयात हातमागावर गेली. शाळा मी बाहेरूनच पाहिली. नात माधुरी मात्र नागपूरला रबरातून वीज नेण्याचा अभ्यास करते. सुटीत ती काळ्या भुकटीची डबी घेऊन आली. चिमूटभर भुकटी घालून केलेली रबराची पट्टी तिनं बॅटरीला जोडली, अन् इवलासा दिवा लागला.

"आबाजी, ह्या भुकटीत डोळ्याले न दिसणारे लांब धागे आहेत. एकमेकाले टेकतात, म्हणून थोडक्यात वीज जाते. गोल दाणे असते तर लय टाका लागले असते. सोमवारी कॉलेजात आमच्या सरले हेच दाखवाचं आहे."

मी मान हलवली. मान हलवायला काय लागतं?

ती मैत्रिणीकडे गेली. मी डबी उघडून पाहिली, तर आत गाठीच गाठी. विणकराला गाठ दिसली की हात शिवशिवतात. सुताला लावायच्या खळीत एक गाठ राहिली तर उभ्या धाग्यांचा अख्खा ताणा बिघडतो. पोरीला वेळ मिळाला नसेल, असं समजून मी पाणी शिंपडून सगळी भुकटी वाटली, उन्हात वाळवली, पुन्हा डबीत भरली. म्हटलं, सांगायचं नाही. तिला आपोआप कळेल.

कळलं. सोमवारी नागपूरहून तिचा फोन आला, आवाज रडका.

"आबाजी, नवीन पट्टी केली, पण दिवा लागूनच नाही राहिला. रबर तेच, भुकटी तेवढीच. माहे दोन वर्षं पाण्यात गेले."

"गाठी तर नव्हत्या ना त्यात?"

"आबाजी, तुमी काय केलं?"

सांगितलं.

"पाट्यावर काहून वाटली जी?"

"बारीक झाली का चांगली होते ना, माय."

पलीकडे कोणीतरी हसलं. मग सरच फोनवर आले. "आबाजी, जुन्या पट्टीत लांब धागे, नव्या पट्टीत तुटलेले. माल तोच, वजन तेच, फक्त आकार बदलला अन् दिवा गेला. हिला हेच तर दाखवायचं होतं. किती वेळ वाटलंत?"

"जेवणापासून चहापर्यंत."

ते त्यांनी लिहून घेतलं म्हणे. माधुरीचं काम झालं.

माझं काय? मागावर एक धागा तुटला तरी मला घास गोड लागत नसे. त्या दुपारी मी किती तोडले, ते नागपूरच्या यंत्रालाही मोजता येईनात.