झाडं बारीक झाली त्याची गोष्ट

आमच्या वरच्या मजल्यावरची टिंगू झाडांना मिठ्या मारते, पोरीचा प्रेमभंग झालाय, ही बातमी साऱ्या इमारतीत पसरली. पसरवली मीच, नाकारत नाही. टेकडीवर फिरायला गेलो तर ही एका खोडाला कवटाळून, गाल सालीला टेकवून उभी. माणसाने काय समजावं? जवळ गेलो तर खोडामागून टेपचं टोक ओढत होती. "काका, आलाच आहात तर हे धरा," म्हणाली. प्रेमभंग तिथेच संपला आणि माझी हमाली सुरू झाली.

टिंगू हे नाव उंचीवरून. ठेवलं अर्थात मीच. विद्यापीठात ती विज्ञान आणि वनशास्त्र अशी पाच वर्षांची जोडपदवी करते. सकाळी प्रयोगशाळेत पांढरा कोट, दुपारी टेकडीवर चिखलाचे बूट. तिची आई म्हणते, "भाऊजी, एकाच पोरीला दोन सासरं, आणि दोन्हीकडच्या सासवा खमक्या!" शेवटच्या प्रकल्पावर दोन्ही विभागांच्या सह्या लागतात. एक जरी हुकली तर वर्ष गेलं.

आणि ती हुकणारच होती. प्रकल्प साधा: टेकडीवरची सहाशे चाळीस झाडं वर्षभरात किती जाड झाली. यंदाचे आकडे मागच्या वर्षीच्या शेजारी मांडले, तर निम्मी झाडं बारीक झालेली!

"डाएटवर असतील," मी म्हटलं. ती हसली नाही. विज्ञानाच्या बाईंनी वही परत केली होती: "झाड आटत नाही. चूक शोध."

सापडली. वनशास्त्रात खोडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजतात, आणि ही उंची ठरलेली असते, जमिनीपासून एकशे सदतीस सेंटीमीटर. आमच्या टिंगूने मागच्या वर्षी छाती म्हणजे स्वतःची छाती धरली! वीतभर खाली, जिथे खोड जाडच असतं. यंदा नीट मोजलं, म्हणून झाडं रोडावली.

वनशास्त्राचे सर मायाळू. म्हणाले, "जुने आकडे थोडे खाली ओढ, कोण बघतंय?" सादरीकरणाला आठच दिवस होते. मीही म्हटलं, "ओढ की!" तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट टेप उचलला.

आठ दिवसांत तिने सगळी झाडं पुन्हा मोजली, प्रत्येक दोनदा: एकदा नियमाच्या उंचीवर, एकदा स्वतःच्या छातीशी. माळ्यावरून मागच्या वर्षीचे झिजके बूट काढून घातले, कारण उंची तंतोतंत तीच हवी ना! जुन्या आकड्याला आता त्याच उंचीचा नवा जोडीदार मिळाला. पाठ धरली, माझी, तिची नाही. आणि अहवालाच्या पहिल्याच पानावर तिने लिहिलं, ही चूक माझी. पंचवीस वर्षांच्या नोकरीत मी असलं पान एकदाही लिहिलेलं नाही.

दोन्ही सह्या झाल्या, हे आधीच सांगून टाकतो. पण कशा, ते ऐका.

तोंडी परीक्षेला तिची आई आणि मी मागच्या बाकावर. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं. "पण मुली, वर्षभरात तुझीच उंची वाढली असेल तर? मग सगळी मेहनत मातीत." विज्ञानाच्या बाईंचं उघडलेलं पेन तसंच थांबलं. आईने माझा दंड घट्ट धरला.

टिंगू म्हणाली, "सर, माझी उंची आठवीतच थांबली. आईने दाराच्या चौकटीवर तारखेनिशी खुणा केल्यात. चौकट उपटून आणू?"